शाळा कोणाच्या बाजूची?

१८८२ साली दोन देशांत शाळेबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारले गेले. मार्च महिन्यात फ्रान्समध्ये शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांचा कायदा आला. सहा ते तेरा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षण सक्तीचे झाले आणि सरकारी शाळेतून धर्मशिक्षण बाहेर पडले. फी तर आदल्याच वर्षी रद्द झाली होती. बादशाही संपून तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती आणि चर्चची पकड सैल करायची होती. राजाही नको आणि पाद्रीही नको, तर मग या देशातल्या माणसांना एकत्र धरून ठेवणार काय, हा तिथला प्रश्न होता. उत्तर म्हणून शाळेकडे बोट दाखवले गेले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जोतीराव फुले यांनी पुण्याहून सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला आपले निवेदन दिले. त्यांचा प्रश्न अधिक रोखठोक होता : शाळेसाठी पैसा कोण देतो आणि शिकते कोण? सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, पण तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असे त्यांनी लिहिले. वरच्या थरातल्या मूठभरांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या समजावर तेव्हाचे शैक्षणिक धोरण बेतलेले होते. ते झिरपत नाही, हे फुल्यांनी सरकारी आयोगाला लेखी कळवले.

आधुनिक शिक्षणाचे समाजशास्त्र आजही या दोन प्रश्नांच्या मधल्या प्रदेशात वावरते. शाळा माणसांना जोडते का? आणि जोडता जोडता कोणाला वर, कोणाला खाली बसवते? गंमत अशी की पुस्तकांतून या प्रश्नांची उत्तरे सापडण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातल्या काही माणसांनी ती शाळा काढता काढता शोधली होती.

जोडणारी शाळा

पहिल्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार मांडला एमिल दुर्खीम यांनी. १८८७ साली बोर्दो इथल्या विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली ती समाजशास्त्र आणि अध्यापनशास्त्र दोन्ही शिकवायला. समोर बसलेले बरेचसे लोक उद्याचे शिक्षक होते. दुर्खीम यांचे म्हणणे असे की माणूस कसा असावा याचा एकच सनातन आदर्श नसतो. प्रत्येक समाजाचा, प्रत्येक काळाचा आपापला असतो आणि शिक्षण म्हणजे मोठ्या पिढीने लहान पिढीला त्या आदर्शात पद्धतशीर वाढवणे. घरात नियम म्हणजे आईचा राग किंवा बापाचा धाक. शाळेत मात्र मुलाला पहिल्यांदा असा नियम भेटतो जो कोणा एकाचा नाही आणि सगळ्यांना लागू आहे. दुर्खीम यांच्या लेखी शिक्षेचे कामही मुलाला घाबरवणे नव्हते. नियम मोडला गेला तरी तो अजून जिवंत आहे, हे वर्गाला दाखवणे एवढेच तिचे काम.

आपल्याकडच्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत सकाळी उभे राहिले की दुर्खीम समजतात. ओळीत उभी मुले, राष्ट्रगीत, प्रार्थना, परिपाठ, सुविचार. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली प्रतिज्ञा मूळची तेलुगू. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली लिहिली. ती गडचिरोलीतल्या मुलालाही पाठ असते आणि गिरगावातल्या मुलालाही. ज्या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडणार नाही, त्यांना आपण एका गोष्टीचे भागीदार आहोत असे वाटायला लावणे हे साधे काम नाही.

या जोडण्याची किंमत मात्र कोणीतरी मोजतो. १८६३च्या सरकारी पाहणीनुसार फ्रान्समधल्या सुमारे पाव गावांत फ्रेंच बोललीच जात नव्हती. पुढे ब्रिटनी प्रांतातल्या शाळांत जो मुलगा घरची ब्रेटन भाषा बोलताना सापडे त्याच्या गळ्यात एक वस्तू अडकवली जाई. दुसरा कोणी तसाच बोलताना सापडला की ती त्याच्या गळ्यात, आणि शाळा सुटताना जो शेवटचा राही त्याला शिक्षा. मुलांनीच मुलांवर पहारा ठेवायचा. यातून फ्रान्स एकभाषी झाला हे खरे, पण पॅरिसच्या मुलाला त्यासाठी काहीच सोडावे लागले नाही आणि ब्रिटनीच्या मुलाला आजीशी बोलायची भाषा सोडावी लागली. दुर्खीम यांच्या विचारात समाज हा एकसंध ‘आपण’ असतो. त्या ‘आपण’मध्ये कोणाचे घर मोडते, हे विचारायला दुसरी माणसे यावी लागली.

निवडणारी शाळा

अमेरिकेत १९५९ साली टॅलकट पार्सन्स यांनी वर्गखोलीवर एक निबंध लिहिला, तो अजून अभ्यासक्रमांत शिकवला जातो. घरात मूल ‘आमचे’ म्हणून मोजले जाते, शाळेत ते इतर पंचवीस-तीस मुलांबरोबर एकाच फूटपट्टीने मोजले जाते. म्हणून शाळा ही घर आणि नोकरी यांच्या मधली पायरी, आणि तिची कामे दोन : मुलांना समाजात वागायला शिकवणे आणि कोण कुठल्या कामाला जाणार याची चाळणी करणे. चाळणी सगळ्यांदेखत, सारख्या नियमांनी झाली की मागे पडलेलाही निकाल मान्य करतो. समाजाचे स्वास्थ्य त्यावर टिकते, असे पार्सन्स यांना वाटे.

नेमके याच गोष्टीचे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांना भय वाटले. १९५८ साली त्यांनी भविष्यकाळावर एक उपहासपर पुस्तक लिहिले. बुद्ध्यंक अधिक मेहनत बरोबर गुणवत्ता, या सूत्रावर चालणारा देश त्यात आहे. जन्माची सरंजामशाही तिथे संपली आहे, पण वर पोहोचलेल्यांना आता लाज उरलेली नाही, कारण आपण लायकीने आलो अशी त्यांची खात्री आहे. खाली राहिलेल्यांकडे तर नशिबाला दोष देण्याचीही सोय उरलेली नाही. गंमत म्हणून लिहिलेले हे राज्य पुढाऱ्यांनी ध्येय म्हणून उचलले, तेव्हा २००१ साली वृद्ध यंग यांनी वर्तमानपत्रात लिहून पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना समज दिली.

फुल्यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात एक वाक्य शिष्यवृत्त्यांबद्दल आहे. त्याचा आशय असा : स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत दिसायला न्याय्य आहे, पण तिने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. यंग यांच्या पुस्तकाआधी ७६ वर्षे लिहिलेले हे वाक्य आहे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर आहे आणि ज्या घरात ते आज पहिल्यांदा येते आहे, त्या दोन घरांतल्या मुलांना एकाच परीक्षेला बसवले तर परीक्षा प्रामाणिक राहूनही निकाल आधीच ठरलेला असतो.

घरातली शाळा

हे सिद्ध कसे करायचे? अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार एक प्रचंड पाहणी झाली. जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहा लाख विद्यार्थी आणि चार हजारांच्या आसपास शाळांची माहिती गोळा करण्यात आली. काळ्या मुलांच्या शाळांत ग्रंथालये, प्रयोगशाळा कमी, म्हणून ती मागे, असे बाहेर येईल अशी बहुतेकांची अपेक्षा होती. १९६६ साली अहवाल आला आणि तो अडचणीचा ठरला. शाळांच्या साधनसामग्रीतल्या फरकापेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती आणि वर्गात बसणारी इतर मुले यांचा निकालाशी संबंध जास्त दिसत होता.

या निष्कर्षावर वाद झाले, अजूनही होतात. १९८३ साली हेनमन आणि लॉक्सली या संशोधकांनी २९ देशांची तुलना केली, तेव्हा गरीब देशांत शाळा आणि शिक्षक यांचा प्रभाव श्रीमंत देशांपेक्षा बराच जास्त असल्याचे दिसले. हे समजण्यासारखे आहे. जिथे घरात पुस्तक नाही तिथे शाळेतला फळा हेच एकमेव पुस्तक असते. म्हणजे शाळा निरुपयोगी, असा धडा कोलमन यांच्या अहवालातून घेता येत नाही. घर आणि शाळा हे हिशेबाचे दोन रकाने आहेत आणि दुसरा भरताना पहिल्याकडे पाहावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

घर मुलाला देते तरी काय? पैसा तर देतेच. पण पिएर बोर्द्यू यांनी दाखवून दिले की पैशाहून चिवट असे आणखी काही देते, त्याला त्यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हटले. बोर्द्यू स्वतः फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या बेआर्न भागातल्या एका खेड्यातले, वडील टपाल खात्यात. तिथून ते पॅरिसच्या सर्वांत प्रतिष्ठित संस्थेत पोहोचले, म्हणजे शाळेच्या यशाचे जाहिरातीत शोभावे असे उदाहरण. पण आपण ज्या गोष्टी धापा टाकत शिकलो त्या शेजारच्या बाकावरचा मुलगा घरूनच घेऊन आला आहे, हे त्यांना तिथे जाणवले. जाँ-क्लोद पासरों यांच्याबरोबर १९६४ आणि १९७० साली लिहिलेल्या दोन पुस्तकांत त्यांनी मांडले की शाळा जे शिकवत नाही तेच परीक्षेत विचारते : बोलण्याची ढब, आत्मविश्वास, कशाला चांगले म्हणायचे याची जाण. ज्याच्याकडे ते घरून आलेले असते त्याला ‘हुशार’ म्हणतात.

आपल्याकडे हे पाहायला लांब जावे लागत नाही. वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलावर हसू उठते. त्याच्या उत्तरात चूक नसते, उच्चारात घराचा पत्ता असतो. पुढच्या वेळी तो हातच वर करत नाही, आणि प्रगतिपुस्तकात शेरा येतो : अबोल आहे. दुसरीकडे एखाद्या घरात अकरावीच्या प्रवेशाच्या फेऱ्या, कोणत्या शाखेनंतर काय, अर्जासोबत कोणता दाखला, हे जेवताना बोलले जाते. हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही, पण ते माहीत नसल्याने आयुष्ये अडून राहतात.

भाषेचा धागा लंडनमध्ये बेझिल बर्नस्टाईन यांनी अधिक बारकाईने उलगडला. त्यांच्या गटाच्या एका अभ्यासात लहान मुलांना चार चित्रे दाखवून गोष्ट सांगायला लावली : मुले चेंडू खेळतात, खिडकी फुटते, लोक रागावतात. मध्यमवर्गीय मुलांनी कोण, काय, कुठे ते नाव घेऊन सांगितले, चित्र न पाहणाऱ्यालाही कळेल असे. कामगारांच्या मुलांच्या सांगण्यात ‘तो’, ‘ते’, ‘तिकडे’ जास्त होते, कारण समोरच्याला चित्र दिसतेच आहे हे त्यांनी गृहीत धरले. ओळखीच्या माणसांशी बोलताना आपण सगळे असेच बोलतो. पण शाळेची उत्तरपत्रिका अनोळखी माणसासाठी लिहायची असते आणि हे कोणी समजावून सांगत नाही.

१९७६ साली सॅम्युएल बोल्स आणि हर्बर्ट गिंटिस या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी याच्याही पुढे जाऊन शाळेचा थेट कारखान्याशी मेळ घातला. घंटा, हजेरीपट, वरच्याचे ऐकणे, आवडीसाठी नव्हे तर गुणांसाठी काम करणे, ही सगळी नोकरीची रंगीत तालीम आहे, असे त्यांचे म्हणणे. पण मुले म्हणजे काही कणकेचे गोळे नव्हेत. पॉल विलिस यांनी इंग्लंडमधल्या एका औद्योगिक गावात बारा कामगारपुत्रांबरोबर वावरून १९७७ साली जे लिहिले ते जास्त बोचते. या पोरांना शाळेचा खेळ कळला होता. कितीही घोकले तरी आपल्यातल्या बहुतेकांना कारखान्यातच जायचे आहे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी मास्तरांची टर उडवली, अभ्यास टाकला, अंगमेहनत हीच मर्दानगी मानली आणि स्वतःच्या पायांनी कारखान्याच्या फाटकात शिरले. बंड खरे होते, पण त्याचा शेवट व्यवस्थेला हवा तिथेच झाला.

अभ्यासक्रमात नसलेला धडा

पुस्तकाबाहेरचा जो धडा शाळा रोज देते त्याला समाजशास्त्रात ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हणतात. भारतात तो कधी फारसा छुपा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे की साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई असला तर तो नळ सोडणार, शिपाई नसला तर पाणी नाही. गणित आणि इंग्रजी त्यांना इतरांसारखेच शिकवले जात होते. पण त्याच खोलीत, त्याच तासाला, बाकावरची मुले आणि गोणपाटावरचा मुलगा आपापली जागाही शिकत होते.

आज गोणपाट गेले, पण अपेक्षा उरते. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत रॉबर्ट रोझेन्थल आणि लिनोर जेकबसन यांनी शिक्षकांना काही मुलांची नावे दिली आणि ही यंदा झपाट्याने पुढे जाणार, असे सांगितले. नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षअखेर, विशेषतः खालच्या वर्गांत, त्या मुलांची प्रगती इतरांपेक्षा जास्त दिसली. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली. परिणाम वाटला तेवढा मोठा नसावा, पण शिक्षकाच्या नजरेला वजन असते ही गोष्ट टिकून राहिली.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतला प्रयोग आपल्या अधिक जवळचा. सहावी-सातवीच्या उच्च मानल्या जाणाऱ्या जातींतल्या ३२१ आणि दलित जातींतल्या ३२१ मुलांना कागदावरची भूलभुलय्याची कोडी सोडवायला दिली. बरोबर उत्तराला पैसे. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दोन्ही गटांत लक्षात येण्याजोगा फरक नव्हता. मग मुलांच्या दुसऱ्या काही तुकड्यांत कोडी देण्याआधी प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी एकदम खाली आली. त्यांच्या बुद्धीत काही बदलले नव्हते. समोरचा आपल्याला न्याय देईल, हा भरवसा तेवढा कमी झाला होता. तपासणीच्या नावाखाली वर्गात उभे करून जात विचारणाऱ्या शिक्षकांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

वर्गाला लागून एक खोली

आता महाराष्ट्राच्या उत्तराकडे येऊ. घर आडवे येते हे कोलमन यांना सहा लाख मुलांच्या पाहणीतून कळले. इथल्या शिक्षणकर्त्यांना ते उंबऱ्याउंबऱ्यावर भेटत होते. म्हणूनच त्यांनी वर्गाबरोबरच वर्गाच्या आजूबाजूला काय उभे करायचे याचा विचार केला.

फुल्यांनी हंटर आयोगाकडे प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, एवढेच मागितले नाही. शिक्षक शेतकरी वर्गातून यावा, लोकांत मिसळणारा असावा, वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजू नये, असेही त्यांनी लिहिले. अभ्यासात मोडी, बाळबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी त्यांची सूचना होती. शाळेची भाषा आणि घराची भाषा यांतले अंतर शिक्षकाने भरून काढायचे, हा त्यामागचा विचार. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली आणि स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. शिकवणारी बाई असल्याशिवाय मुलगी घराबाहेर पडत नाही, हे सावित्रीबाईंनी १८४८पासून कृतीने दाखवले होते. पुढे रमाबाईंचे १८८९चे शारदा सदन काय किंवा महर्षी कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रम काय, दोन्ही ठिकाणी विधवांना आधी राहायला जागा मिळाली. पाटी-पेन्सिल हातात देण्यापूर्वी डोक्यावर छप्पर द्यावे लागते, हे त्यांना ठाऊक होते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१पासून वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली : मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशी जातीजमातींची वेगवेगळी. जातवार वसतिगृहांवर आक्षेप घेता येतो. पण ज्या बापाने मुलाला कधी तालुक्यालाही धाडले नव्हते, त्याचा भरवसा आपल्या माणसांच्या छपरावरच बसणार होता, आणि देणग्याही त्याच वाटेने येणार होत्या. गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ साली केंद्रीय कायदेमंडळात १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात तेच करून दाखवले. शिक्षण मोफत आणि सक्तीचे, मुलाला न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड. दोन वर्षांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले भाऊराव पाटील पुढची पायरी चढले. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. पैसे संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले. शिकत असतानाच काम करून आपला खर्च भागवण्याची ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत इथूनच रुजली. दुर्खीम यांचा प्रश्न आणि फुल्यांचा प्रश्न या वसतिगृहाच्या चुलीपाशी एकत्र आले. माणसांना जोडायचे ते काम इथे पंगत करत होती आणि घराघरांतली दरी भरून काढायचे काम धान्याची कोठी.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तिथे सकाळचे वर्ग होते, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या पोराला दुपारचे कॉलेज बंद दारासारखेच. १९५० साली औरंगाबादेत त्यांनी काढलेल्या महाविद्यालयाला, आजच्या मिलिंदला, आणखी एक अनपेक्षित फळ आले. म. ना. वानखेडे तिथे प्राचार्य होते, गंगाधर पानतावणे अध्यापक. दलित साहित्याच्या चळवळीला या आवाराने माणसे दिली आणि चर्चेची जागा दिली. शाळा व्यवस्थेचीच नक्कल करते, असे म्हणणाऱ्या सिद्धांतांनी या गोष्टीचा हिशेब द्यायला हवा. वाचायला शिकवले की लोक नेमून दिलेले तेवढेच वाचतात असे नाही. चाळणीतून वर आलेली माणसे चाळणीवरच बोट ठेवू लागतात.

पदव्यांचा पूर

मग प्रश्न सुटला का? १९५९च्या सुमारास वार्षिक १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळू लागली आणि खेड्यापाड्यांतली पहिली पिढी कॉलेजात पोहोचली. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा भराभर वाढल्या आणि पदव्याही. इथे शिक्षणाचे समाजशास्त्र आणखी एक सूत्र पुढे करते. रँडल कॉलिन्स यांनी १९७९ साली अमेरिकेबद्दल लिहिले की नोकऱ्यांसाठी लागणारी पात्रता कामाच्या गरजेपेक्षा वेगाने वाढते, कारण पदवी हा कौशल्याचा पुरावा कमी आणि रांगेतला पास जास्त असतो. त्याआधी तीन वर्षे रोनाल्ड डोर यांनी निरनिराळ्या देशांची तुलना करून सांगितले होते की जो देश औद्योगिकीकरणाला उशिरा लागतो तिथे हा प्रमाणपत्रांचा आजार अधिक तीव्र असतो.

जत्रेतल्या फडात पुढचा माणूस उठून उभा राहिला की मागच्यांनाही उठावे लागते. शेवटी सगळे उभे असतात आणि दिसते मात्र पूर्वीएवढेच. बारावीची अट असलेल्या पोलीस शिपाई भरतीला पदव्युत्तर शिकलेली मुले येतात ती याचमुळे. त्यांचे शिक्षण वाया गेले असे नाही, पण ज्या दिवशी ते सर्वांना मिळाले त्याच दिवशी निवडीची चाळणी पुढे सरकली : कोणत्या कॉलेजची पदवी, कोणता क्लास, इंग्रजी कसे. आणि या नव्या चाळणीला पुन्हा घरचेच भांडवल लागते. शाळा मोफत झाल्यावर क्लासचे शुल्क वाढले, ही त्या सरकण्याची महाराष्ट्रातली सर्वांत ठळक खूण.

मिसळणे कोणाला नको आहे

२००९च्या शिक्षणहक्क कायद्यात या साखळीला धक्का देणारे एक कलम आहे : खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. शहरांत अशी शाळा बहुधा असतेच. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला.

या वादात मुले मिसळल्याने दर्जा घसरतो, असा सूर नेहमी लागतो. दिल्लीत अशाच धोरणाचा अभ्यास गौतम राव यांनी केला. गरीब मुलांबरोबर शिकलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली, गरिबांशी भेदभाव कमी करू लागली, खेळात त्यांना जोडीदार म्हणून घ्यायला तयार झाली. अभ्यासावरचा परिणाम किरकोळ, इंग्रजीत थोडी घट एवढाच. दुर्खीम यांना शाळेकडून जे हवे होते ते इथे प्रत्यक्षात दिसते, आणि ते मुले खरोखर शेजारी बसल्याने झालेले आहे. एकच प्रतिज्ञा दोन वेगळ्या इमारतींत म्हणून ते साधत नाही.

दुसरा वाद आहे तो वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचा. त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्यात २०२३पासून पुढे आला. मोठ्या शाळेत शिक्षक जास्त, मैदान, प्रयोगशाळा, हे युक्तिवाद खोटे नाहीत. पण दुसरीतल्या मुलीला ओढा ओलांडून पाच किलोमीटर जायचे असेल, तर सुसज्ज प्रयोगशाळा तिच्यासाठी नसल्यातच जमा. बस रोज येणार का, पावसाळ्यात येणार का, बाईमाणूस सोबत असणार का, यावर तिचे शिक्षण ठरेल.

म्हणून शाळेविषयीचा कोणताही निर्णय पारखताना अभ्यासक्रम आणि निकालाची टक्केवारी यांच्याआधी एक गोष्ट पाहावी : ज्या मुलाच्या घरात शाळा नाही, त्याच्या बाजूने हा निर्णय काय उभे करतो? वसतिगृह, फीमाफी, सकाळचे वर्ग, गावातला शिक्षक, एकत्र पंगत, ही सगळी याच प्रश्नाची जुनी उत्तरे आहेत. त्यांतले काही नसेल तर शाळा तटस्थ राहत नाही. ती आधीच पुढे असलेल्याची बाजू घेते आणि त्याला गुणवत्ता म्हणते.